शिडाच्या बोटीवरचा संसार: ग्रेनेडाइन्स बेटांमधून

होडीघर

नमस्कार. निवृत्तीच्या धाग्यावर मी ओघात लिहून गेले की आम्ही दोघं बोटीवर राहतो, तर विपूत, म्हणजे माझ्या निरोपांच्या पानावर, प्रश्नांची रांग लागली. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते.

आम्ही मूळचे डोंबिवलीचे, मधली बावीस वर्षं कॅनडात काढली. लेक मार्गी लागल्यावर घर विकलं आणि नोव्हेंबर २०२२ पासून एका ३८ फुटी शिडाच्या बोटीवर मुक्काम आहे. हिला क्रूझचं मोठं जहाज समजू नका. आतली जागा डोंबिवलीतल्या वन रूम किचनपेक्षा लहान आहे. कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात ग्रेनेडा आणि सेंट व्हिन्सेंट या दोन देशांच्या मध्ये बेटांची एक माळ आहे, ती ग्रेनेडाइन्स. बेक्विया, कनुआन, मेरो, टोबॅगो कीज, युनियन, मग ग्रेनेडाच्या हद्दीतली पेटीट मार्टिनिक आणि कॅरिआकू. हवा स्वच्छ असली की एका बेटावरून पुढचं दिसतं. वर्षातले सातआठ महिने आम्ही या माळेत खालीवर करतो. भूगोलात शिकलेले पूर्वीय वारे इथे रोज भेटतात, पंधरा ते वीस नॉट (ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटर), जवळजवळ वर्षभर एकाच दिशेचे. बेटं दक्षिणोत्तर पसरलेली आणि वारा पूर्वेकडून, म्हणून शिडानं जाणंयेणं दोन्हीकडून जमतं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, दिवसभर करता काय? आमचा दिवस नांगरापासून सुरू होतो आणि नांगरावरच संपतो. पाच मीटर पाण्यात थांबायचं असेल तर आम्ही तीस मीटर साखळी सोडतो. साखळी दहा मिलिमीटर जाडीची, मीटरला सव्वादोन किलोच्या वर भरते. एवढी लांब सोडायची कारण ओढ आडवी बसली तरच नांगराचं पातं वाळूत खोल शिरतं. वरच्या दिशेनं ओढ बसली की ते उपटून येतं. मग इंजिन उलटं टाकून हळूहळू ताण द्यायचा, काठावरची दोन झाडं एका रेषेत धरायची आणि ती रेष मोडत नाही ना ते बघायचं. एवढं झाल्यावर मी गॉगल लावून पाण्यात उतरते आणि नांगर डोळ्यांनी बघून येते. पांढऱ्या वाळूत पातं पूर्ण गाडलेलं दिसलं की त्या रात्रीची झोप पदरात पडली म्हणायची.

बाकी विचारा, वेळ मिळेल तशी लिहीन.

चिंचगुळ

ताई, फारच सुंदर! पाणी आणि विजेचं काय करता? आणि स्वयंपाक? पोळ्या होतात का डुलत्या बोटीत?

होडीघर

@चिंचगुळ, पाण्यापासून सांगते. टाकी ३५० लिटरची. दोघांना दिवसाला वीस-पंचवीस लिटर पुरतात, यात आंघोळही आली. आंघोळ म्हणजे आधी समुद्रात डुंबायचं, साबण लावायचा, पुन्हा डुंबायचं आणि शेवटी तांब्या-दीड तांब्या गोडं पाणी अंगावर घ्यायचं. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आहे, ते खारं पाणी प्रचंड दाबानं पडद्यातून ढकलतं आणि तासाला पंचवीस लिटर देतं. पण बंदरातल्या तेलकट पाण्यात ते चालवायचं नाही, पडदा कायमचा जातो. म्हणून टाकी बाहेरच्या बेटांवर भरून घ्यायची. पाऊस आला की छतावरचं कापड ताणून तेही पाणी धरतो.

वीज छतावरच्या ४०० वॅटच्या सोलर पॅनेलांची. सर्वांत जास्त खातो तो फ्रिज. दोन दिवस आभाळ राहिलं की फ्रिजमधलं आधी संपवायचं असा आमच्याकडे शिरस्ता आहे.

आणि स्वयंपाकात कुकर! या समुद्रावर कुकरइतकं शहाणं भांडं नाही. पाणी थोडं लागतं, गॅस थोडा लागतो आणि झाकण पक्कं असल्यानं बोट कितीही कलली तरी वरण सांडत नाही. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते, बोट डुलते पण शेगडी सपाट राहते. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात फक्त गोड्या पाण्याचा. बटाटे उकडताना एक भाग खारं पाणी घातलं की मीठ वेगळं घालावं लागत नाही. पोळ्या नांगरावर असताना रोज, चालत्या बोटीत कधीच नाही. चालताना आदल्या दिवशीचा दहीभात किंवा दशम्या.

एक नियम मात्र लोखंडी: पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर येता कामा नये. त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. किराणा धक्क्यावरच पिशव्यांत ओतून घ्यायचा.

अनवट

तिथे भाज्या काय मिळतात? भारतीय सामान?

होडीघर

@अनवट, या प्रश्नावर मी पानंच्या पानं लिहीन.

ग्रेनेडाच्या सेंट जॉर्जेसच्या बाजारात पहिल्यांदा गेले तेव्हा एका बाईपुढे अळूच्या पानांच्या जुड्या बघून पाय जागीच थांबले. इथे त्या पानांना कॅलालू म्हणतात. तिच्याच टोपलीत नीरफणस होता. आजोळी गुहागरला आजी नीरफणसाची कापं करायची, रवा लावून, खोबरेल तेलात. ते झाड इथलं नाही. कॅप्टन ब्लाय १७९३ च्या जानेवारीत पॅसिफिकमधल्या ताहितीहून त्याची रोपं जहाजात घालून सेंट व्हिन्सेंटला घेऊन आला. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोट भरेल असं काही हवं होतं. आता त्याचाच पदार्थ ग्रेनेडाचं राष्ट्रीय अन्न आहे. नीरफणस, अळूची पानं, खारवलेलं मांस आणि हळद नारळाच्या दुधात सगळं आटेपर्यंत शिजवतात, त्याला ऑइल डाउन म्हणतात. हळदीला हे लोक सॅफ्रन म्हणतात, त्यामुळे केशर समजून कोणी भाव ऐकून चकित होऊ नये.

आणि जायफळ! ग्रेनेडाच्या झेंड्यावरच जायफळ आहे. २००४ च्या आयव्हन वादळात बहुतेक झाडं आडवी झाली, आणि जायफळाचं नवं झाड फळाला यायला सात-आठ वर्षं लागतात, तेव्हा तो धंदा अजून पुरता सावरलेला नाही. फळावरच्या जाड सालीचा हे लोक जॅम आणि सरबत करतात. मी आपल्या कोकणातल्यासारखं तिचं लोणचं घातलं आणि शेजारच्या बोटींवर वाटलं.

तूरडाळ, हिंग वगैरेसाठी त्रिनिदाद. तिथे ३० मे १८४५ ला भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचं, म्हणजे गिरमिटियांचं, पहिलं जहाज आलं, ग्रेनेडात १ मे १८५७ ला. शब्द अजून टिकून आहेत: बैगन, भाजी, बारा, चन्ना, जिऱ्याला गीरा. डाळ भरलेल्या पोळीला ढालपुरी म्हणतात, आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच.

मालवणी_तांडेल

धागा वाचून बरं वाटलं. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी, वडील मचवे बांधायचे. दोन प्रश्न. भरती-ओहोटीचा हिशोब कसा ठेवता? आणि मासे कुठले?

होडीघर

@मालवणी_तांडेल दादा, भरतीचं ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, इथे सगळा फरक जेमतेम अर्धा मीटर. त्यामुळे खाडीत शिरायला भरतीची वाट बघणं नाही. पण दोन बेटांमधल्या खिंडीत प्रवाह जोरदार असतो, आणि तो वाऱ्याच्या उलट वाहायला लागला की लाटा उभ्या राहतात. खिंडीची वेळ तेवढी बघून ठेवावी लागते.

मासे आम्ही चालत्या बोटीमागे गळ सोडून धरतो: कुपा, सुरमईच्या जातीतले, माही-माही. प्रवाळावर राहणारा मोठा मासा खात नाही, विशेषतः बॅराकुडा. प्रवाळावरच्या सूक्ष्म शेवाळातलं विष लहान माशातून मोठ्या माशात साठत जातं. ते ना वासाला कळतं ना चवीला, आणि शिजवून जात नाही. बाधा झाली की हातापायांना मुंग्या येतात, थंड वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागते. आमच्या ओळखीच्या एका खलाशाला ते दुखणं काही महिने पुरलं. कुठला मासा कुठल्या बाजूला खावा हे स्थानिक कोळ्यालाच विचारायचं.

सेंट व्हिन्सेंटच्या हद्दीत १ मे ते ३१ ऑगस्ट शेवंड धरायला बंदी असते, आपल्या पावसाळी बंदीसारखी. टोबॅगो कीजमध्ये तर मासेमारीच नाही, ते राखीव आहे. तिथे बाराडाल नावाच्या छोट्या बेटाजवळ कमरेएवढ्या पाण्यात कासवं समुद्रगवत चरताना दिसतात. मी एकीच्या बाजूने पोहत होते, दर चारपाच मिनिटांनी ती वर येऊन श्वास घ्यायची, नाकपुड्यांचा फुस्स आवाज ऐकू यायचा, आणि पुन्हा शांतपणे खाली चरायला जायची.

जुना_दर्यावर्दी

३१ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. बोट या शब्दात सगळं एकत्र येतं म्हणून लिहितो. आपल्या नौदलाची म्हादेई ही ५६ फुटी शिडाची नौका गोव्यात बांधली गेली. तिच्यावर कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० अशी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, चार बंदरांत थांबून. त्यानंतर अभिलाष टॉमी न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि पाच जणी तारिणीवर, आणि २०२४-२५ मध्ये त्याच तारिणीवर दिलना आणि रूपा या दोघीच. मराठी घरांत याबद्दल जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही, याची मला मनापासून खंत आहे.

होडीघर

@जुना_दर्यावर्दी काका, अगदी. त्यांचं सागरी काम वेगळ्याच तोलामोलाचं, दक्षिण महासागरातलं. आम्ही एका बेटावरून दुसऱ्यावर जाणारी माणसं, सहसा संध्याकाळच्या आत नांगर टाकतो. पण दोंदेंच्या प्रवासाबद्दल वाचूनच नवऱ्याच्या डोक्यात हे शिरलं, २०१० सालीच.

निळावंती

भीती नाही वाटत? रात्री वादळ आलं तर?

होडीघर

@निळावंती, वाटते. लिहिते सविस्तर.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत युनियन बेटाच्या चॅटम बेमध्ये होतो. जागा देखणी, पण मागच्या डोंगरावरून वारा खाली कोसळतो. रात्री पावणेतीनला फोनवरचा नांगर सरकल्याचा गजर वाजला. नवरा टॉर्च घेऊन पुढे धावला, मी मागोमाग. मी साखळीवर तळवा ठेवला. नांगरानं धरलेलं असतं तेव्हा साखळी ताठ पण मुकी असते. त्या रात्री ती हातात थरथरत होती, जात्यात खडे पडावेत तशी गुरगुर तळापासून वर येत होती. दगडगोट्यांवरून नांगर फरफटत होता. वारा बत्तीस नॉट, आडवा पाऊस, आणि मागे चाळीस मीटरवर दुसरी बोट.

इंजिन सुरू झालं. नांगर ओढणारं विजेचं चक्र मात्र फिरेना. दोन महिन्यांपूर्वीच एका यार्डात त्याची वायर बदलून घेतली होती, पूर्ण पैसे मोजून. त्यांनी हव्या त्यापेक्षा बारीक वायर घातली होती, ताण आल्यावर ती तापून जळाली. नवऱ्यानं तीस मीटर साखळी हातानं ओढली. मी सुकाणूवर, बोटीचं तोंड वाऱ्यात धरून, पुढे जायचं पण साखळीवर चढायचं नाही एवढंच डोक्यात. मागच्या बोटीवरचा माणूस उठून दिवा दाखवत उभा होता, काही लागलं तर यायच्या तयारीनं. नांगर वर आला तेव्हा आमच्यात आणि त्यांच्यात आठदहा मीटर उरले होते. उजाडेपर्यंत खाडीबाहेर चकरा मारल्या. नवऱ्याच्या तळहातांची साल गेली होती, पंधरा दिवस त्याला दोर धरता आला नाही.

त्या यार्डाचा राग अजून गेलेला नाही. आता कुठलंही काम स्वतः उघडून बघितल्याशिवाय आम्ही पैसे देत नाही.

पेणकर

आणि चक्रीवादळं? बेरिलच्या वेळी कुठे होता?

होडीघर

@पेणकर, जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. बहुतेक विमा कंपन्यांची अट असते की या महिन्यांत बोट साधारण बारा अंश अक्षांशाच्या दक्षिणेला हवी, म्हणून आम्ही जूनमध्ये ग्रेनेडाहून रात्रभराची, ८० सागरी मैलांची मजल मारून त्रिनिदादला जातो आणि बोट पाण्याबाहेर काढतो. तळ खरवडणं, शेवाळ धरू नये म्हणून रंग देणं, ही कामं तेव्हाच.

१ जुलै २०२४ ला बेरिल कॅरिआकूवर आदळलं तेव्हा आम्ही त्रिनिदादला होतो. चौथ्या श्रेणीचं वादळ, वारे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर, आणि तेही मोसमाच्या सुरुवातीलाच. टिरेल बेमागच्या खारफुटीत शिरून बोट झाडांना बांधायची, ही तिथली पिढ्यांची सुरक्षित जागा. कितीतरी बोटी तिथे बांधलेल्या होत्या आणि तिथेच एकमेकींवर चढून फुटल्या. कॅरिआकूवर आणि युनियनवर धड छप्पर असलेलं घर शोधावं लागत होतं. डिसेंबरमध्ये परत गेलो ते ताडपत्र्या, खिळे आणि औषधं घेऊन. हिरवी खारफुटी करडी पडली होती, एक पान नाही. जिच्याकडून नेहमी पाव घ्यायचो तिची भट्टी उघड्यावर पेटलेली होती, वर फक्त निळी ताडपत्री. तिनं आधी विचारलं, तुमची बोट वाचली का? तिचं स्वतःचं घर गेलेलं होतं.

आडवाटा

खर्च आणि व्हिसा याबद्दल थोडं लिहाल का? मी आणि बायको गंभीरपणे विचार करतोय.

होडीघर

@आडवाटा, आमचा महिन्याला सरासरी २४०० अमेरिकन डॉलर खर्च होतो, त्यातला तिसरा हिस्सा बोटच खाते. भारतीय पासपोर्टवर ग्रेनेडा आणि त्रिनिदादला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मार्टिनिक (उत्तरेकडचं मोठं बेट, पेटीट मार्टिनिक नव्हे) फ्रान्सचं, पण शेंगेन या युरोपच्या सामाईक व्हिसाच्या गटात नाही. त्यासाठी वेगळी परवानगी. बेट बदलताना देशही बदलला, तर पिवळा झेंडा चढवून कप्तानानं आधी कागद करायचे, मगच बाकीच्यांनी उतरायचं.

विकत घेण्याआधी कोणाच्या तरी बोटीवर दोन आठवडे राहा, दोघांनी मिळून. मला पहिले तीन दिवस उलट्या झाल्या होत्या, तो भाग सरतो. पण एकमेकांपासून लांब जायला जागा नसणं सरत नाही. आम्ही ठरवून ठेवलंय: संध्याकाळी तासभर एक जण पुढच्या टोकाला, एक जण मागे, बोलायचं नाही.

निळावंती

घरच्यांची आठवण?

होडीघर

बाबा गेले तेव्हा मी कनुआनला होते. बोट ग्रेनेडाला आणून विमान धरेपर्यंत दोन दिवस गेले. मला पोचता आलं नाही. या जगण्याची ती किंमत आहे, आणि विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते.

मालवणी_तांडेल

ताई, वाईट वाटलं वाचून. सांभाळा.

एक विचारायचं राहिलं. कॅरिआकूला अजून लाकडी बोटी बांधतात असं कुठेतरी वाचलं. खरं का? वडिलांचा लाकूड तासायचा वाकस अजून माझ्याकडे आहे. सागाच्या फळ्या, फटींत कापूस आणि राळ. आता आमच्याकडे सगळं फायबर झालं. फोटो विपूत पाठवतो. तिथल्या सुताराला दाखवाल?

होडीघर

खरं आहे. बेटाच्या ईशान्येला विंडवर्ड म्हणून गाव आहे, स्कॉटलंडहून आलेल्या जहाजबांध्यांच्या वंशजांचं. २०२३ मध्ये कॅरिआकू आणि पेटीट मार्टिनिकच्या लाकडी बोटबांधणीची युनेस्कोनं वारसा म्हणून नोंद केली. तिथे बोट समुद्रकाठीच बांधतात. पाण्यात लोटायच्या दिवशी आधाराचे खांब कुऱ्हाडीनं एकेक करून तोडतात, बोट कुशीवर आडवी होते, मग सगळं गाव दोर धरून ओंडक्यांवरून ओढत नेतं. वारा पडला की जाते, फोटो पाठवाच.

होडीघर

@मालवणी_तांडेल दादा, आज विंडवर्डला जाऊन आले. एक वयस्क सुतार माडाखाली उभ्यानं बोटीची फासळी तासत होते. इथल्या सीडरची, डोंगरात हिंडून मुळातच हव्या त्या बाकाची फांदी शोधून आणलेली. त्यांना तुमच्या वडिलांच्या वाकसाचा फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि दोन बोटांनी चित्र मोठं करून दांड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, हा माणूस उकिडवं बसून काम करायचा, दांडा आखूड आहे. आम्ही उभ्यानं तासतो. आणि आपला वाकस आणून माझ्या हातात दिला. दांडा माझ्या कमरेपर्यंत आला.

त्यांनी विचारलंय, तुमच्याकडे फासळीला बाक असलेलं लाकूड कुठल्या झाडाचं घेतात? वडिलांना आठवत असेल तर लिहा, मी गुरुवारपर्यंत इथेच आहे.

मालवणी_तांडेल

वडील बसूनच तासायचे. आता त्यांच्याजवळच बसलोय, त्यांना वाचून दाखवलं. फासळीला बाभूळ, म्हणतात. आणि विचारतात, त्यांच्या वाकसाचं पातं किती बोटं रुंद आहे?